‘शामेळ’ नावाचा सातवा संगणक

कारापूर
सोमवार, ८ सप्टेंबर २०२५

रुद्रेशदादा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. शुक्रवारी, ५ तारखेला, सुविधाताईने मागितली म्हणून तू मला तुमच्या घुमट आरती मंडळाच्या फोल्डरची किल्ली, तो लांब पासवर्ड, पाठवलीस.

२. रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर घातली. त्या लॅपटॉपवर दुसरं काहीही नाही.

३. दोनशे बारा रेकॉर्डिंगची यादी आली. तिच्याखाली ‘घरचे कागद’ नावाचा फोल्डर आला. त्यात चौदा फायली होत्या.

४. मी तीन उघडल्या. ताईने डिचोलीच्या कोर्टात केलेला संरक्षणाचा अर्ज. सिद्धीच्या शाळाप्रवेशाची पावती. माझ्या या घराचा भाडेकरार, घर नंबर आणि वाड्याच्या नावासकट.

५. त्या वेळी एकूण सात संगणक जोडलेले दिसत होते. एक तुझा, एक माझा. उरलेले पाच कोणाचे, ते मला माहीत नाही.

६. दहा चाळीसला मी बंद केलं. ताईला अजून सांगितलेलं नाही.

हे कसं झालं असेल त्याचा अंदाज सांगते. ऑगस्टमध्ये तू नवीन हार्डडिस्क घेतलीस. त्या प्रोग्रॅमने विचारलं असेल, यातलं काय वाटायचं? तिथे ‘घुमट’ हा एकच फोल्डर दाखवायचा होता. तू अख्खी डिस्क दाखवलीस. ताईचे कागद तू प्रिंट काढण्यासाठी स्कॅन करतोस आणि हरवू नयेत म्हणून त्याच डिस्कवर ठेवतोस. म्हणजे ज्याच्याकडे आरतीची किल्ली, त्याच्याकडे आमचा पत्ता.

या प्रोग्रॅममध्ये मध्ये कोणती कंपनी नसते. तुझा संगणक थेट दुसऱ्याच्या संगणकाला फाईल देतो आणि तो तिसऱ्याला देऊ शकतो. चूक झाली तर अमुक एक फाईल काढून टाका म्हणून अर्ज करायला कोणी नसतं.

ताई सिद्धीला घेऊन बांद्याहून निघाली त्याला चौदा महिने झाले. ती माझ्याकडे आहे हे घरच्या पाच माणसांना आणि चवथीच्या गणपतीला इथे आरती म्हणायला आलेल्या मंडळातल्या माणसांना माहीत आहे. तिच्या नवऱ्याला, प्रज्योतला, माहीत नाही. ताईच्या उजव्या मनगटात अजून प्लेट आहे. कोर्टाने त्याला तिच्याजवळ फिरकायला बंदी केली आहे, पण आजवर आम्ही शांत झोपलो ते त्या हुकुमामुळे नाही. त्याला पत्ता माहीत नव्हता म्हणून.

आता तू करायचं ते. प्रोग्रॅम थांबव, पण काहीही पुसू नकोस. ‘घरचे कागद’ बाहेर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर हलव. मंडळाच्या ग्रुपवर एक शब्दही लिहू नकोस. कोणाला काय मिळालं हे त्याला ठाऊक नसेल तर आपण ते सांगायला नको. जोडलेल्या सात संगणकांची नावं आणि प्रोग्रॅममधलं ‘इतिहास’ हे पान पेनाने कागदावर उतरवून मला पाठव. फोनने फोटो काढू नकोस. तुझ्या फोनमधले फोटो आपोआप त्याच डिस्कवर जाऊन पडतात, हे मी रविवारी पाहिलं.

म्हणून हे पत्र आहे. उत्तरही पत्रानेच दे, साखळी गावच्या माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. घराचा पत्ता पाकिटावर नको.

समीक्षा


कोरगाव
गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

चि. समीक्षा बाय,

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी दुकानात चवथीला भाड्याने दिलेले स्पीकर पुसत होतो. उघडलं तर एक, दोन, तीन. मला वाटलं वीजखात्याची नोटीस! भावाला असं आकडे घालून कोण लिहितं गो? पण चौथा आकडा वाचला आणि हातातलं फडकं खाली पडलं.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. प्रोग्रॅम थांबवला. कागद पेन ड्राइव्हवर काढले आणि पेन ड्राइव्ह आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवला. आई म्हणाली, “कितें रे तें?” मी म्हटलं, “मावशीच्या चेडवाचें काम.” ती म्हणाली, “मगे ठेव. तिणें जेवलां काय तें विचार.” तेव्हा तुझी रुक्मिणीमावशी विचारते आहे, जेवतेस की नाही?

यादी आणि इतिहास वेगळ्या कागदावर उतरवून जोडले आहेत. शाळेत असताना असं लिहिलं असतं तर पहिला आलो असतो. सात नावं अशी: पहिला माझा. दुसरा तुझा, त्याचं नाव नुसतं ‘जुना’ असं दिसतं. तिसरा गोकुळदासकाकांचा, ते आमच्या मंडळाचे मुख्य गायक, त्यांना संगणक सून लावून देते. चौथा साईशचा, तो म्हापशाला नोकरी करतो. पाचवा देवळाच्या कचेरीतला. सहावा स्वप्नीलचा, तो कुवेतला आहे, घुमट ऐकलं की तिथून रडका आवाज काढून फोन करतो. सातव्याचं नाव ‘शामेळ’ असं आहे. कोणा पोराचा फोन असेल. आमच्यात पोरं असलीच नावं ठेवतात, घुमट, शामेळ, कांसाळें, जो जे वाजवतो ते.

तुला वाटेल, एवढ्यासाठी हा उपद्व्याप कशाला, व्हॉट्सॲप आहे ना. व्हॉट्सॲपवर पाठवलं की घुमटाचा खर्ज मरतो, बाय. डबा वाजवल्यासारखं वाटतं. बाबांच्या जुन्या कॅसेटी मी दोन वर्षं बसून साफ केल्या, त्या डब्यासारख्या ऐकवायला नाही. बाबांच्या त्या चाली आता पेडण्यातल्या तीनच माणसांना येतात, आणि त्यातली एक, माझी बहीण, तुझ्या घरात भाजी चिरते आहे.

त्यावरून आठवलं. तिने यंदाचं रेकॉर्डिंग ऐकलं का? कसं वाटलं, तेवढं विचार. दोन वर्षांनी आरती म्हणाली, पण बाबांची उतरणीची जागा अशी घेतली की गोकुळदासकाकांनी घुमट क्षणभर थांबवलं. शामेळ त्या दिवशी साईशने वाजवला. जरा घाईत होता, पण चालतं.

तू घाबरू नकोस. आरत्या समोर असताना कोर्टाचे कागद कोण वाचत बसणार?

तुझा,
रुद्रेशदादा


कारापूर
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

रुद्रेशदादा,

पत्र शनिवारी दुपारी ऑफिसात मिळालं. त्याआधी त्याच सकाळी एक गोष्ट घडली होती. ती आधी.

सव्वासातला पोदेर पाव घेऊन आला. ताई उंडे घेत होती, मी दारात होते. तो सायकल उभी करून म्हणाला, “बाय, काल सांजेर तिस्कार एकटो म्हाका विचारतालो. चवथीच्या दुसऱ्या दिसा तूं पाव घेवन गेलो तेन्ना बायलमनीस आरती म्हणटाली, तें घर खंयचें?”

मी विचारलं, “मगे तुवें कितें सांगलें?”

“म्हाका खबर ना म्हळें. हांव पाव विकतां, घरां दाखयना.”

तिस्काच्या तिठ्यावर तो माणूस मोटरसायकलवर होता. हेल्मेट काढलं नाही. पोदेर खरं सांगतो आहे असं मी धरून चालत नाही, पण तो खोटं सांगायला थांबला असता असंही वाटत नाही.

आरती म्हणणाऱ्या बाईचं घर विचारताना त्या माणसाने नाव विचारलं नाही. घर नंबर विचारला नाही. भाडेकरार ज्याच्याकडे आहे त्याला पोदेराला विचारायची गरज नाही. म्हणजे त्याच्याकडे कागद नाहीत, दुसरं काहीतरी आहे. इथपर्यंत मी सकाळीच पोचले होते. दुपारी तुझा कागद मिळाला.

इतिहासाच्या एकोणतीस ओळी तू नीट उतरवल्या आहेस. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, संगणक, फाईलचं नाव आणि आकार आहे. एका ओळीत फाईलचं नाव नाही. सोमवार, १ सप्टेंबर, संध्याकाळी सहा दहा, ‘शामेळ’, एक फाईल, ४१२ एमबी. चौदाही कागद मिळून अडतीस एमबी होतात. त्याने कागद घेतले नाहीत. यादीतून निवडून एकच फाईल घेतली आणि चार मिनिटांत गेला.

मी माझी यादी उघडली. ४१२ एमबीची एकच फाईल आहे. नाव असं: ‘चवथ २०२५, कारापूर, समीक्षा बायच्या घरी, म्हणणारी सुविधा.’

ताईसाठी मी रविवारी उतरवलेली पहिली फाईलही तीच होती. मी तिच्याकडे रेकॉर्डिंग म्हणून पाहिलं. पत्ता म्हणून पाहिलं नाही.

काल इअरफोन लावून पूर्ण ऐकली. सुरुवातीला तुझा आवाज आहे. तारीख, गाव, घर आणि म्हणणाऱ्याचं नाव. तुमच्या मंडळाची रीत मला माहीत आहे; ज्या घरी आरती झाली त्या घराचं नाव घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग लावायचं नाही, यजमानाचा मान म्हणून. अकराव्या मिनिटाला, ताई उतरणीवर असताना, बाहेर पोदेराचा भोंपू वाजतो. दोनदा. स्पष्ट. म्हणून त्याने पोदेरालाच गाठलं. ऐकणारा साधा माणूस नाही. शामेळ वाजवणारा आहे, त्याला मागचे आवाज वेगळे काढता येतात.

त्या दिवशी रेकॉर्डर माझ्या टेबलावर होता. तू म्हणालास सेल उतरले, आणि मी रिमोटमधले काढून दिले. माझं काम लोकांची नेटवर्क सुरक्षित ठेवायचं आहे. हे कुठे जाणार, एवढं मी विचारलं नाही.

ताईला मंगळवारीच सांगितलं होतं. ती खरंच भाजी चिरत होती.

“सात जण?” ती म्हणाली.

“सात संगणक.”

“एकच गो तो. सात कित्याक मोजतेस?”

मग उठली, पायरीवरचे सिद्धीचे शाळेचे बूट आत आणले आणि कपाटाच्या वर ठेवले. शनिवारपासून सिद्धी मागच्या दाराने येते-जाते. तिला सांगितलं आहे की पुढच्या दाराला रंग लावायचा आहे. ती रोज विचारते, कधी लावणार. काल दुपारपासून आतापर्यंत घरावरून चौदा मोटरसायकली गेल्या. मी मोजायचं ठरवलं नव्हतं.

‘कोणा पोराचा फोन असेल’ हे उत्तर नाही. मंडळात किल्ली तूच देतोस. तू कोणाला दिलीस हे तुला माहीत आहे. आणि एकाच ओळीतलं नाव चुकून राहत नाही.

‘शामेळ’ कोण आहे? त्याच्याशी तुझं शेवटचं बोलणं कधी झालं, आणि काय झालं?

काहीही पुसू नकोस. हे दुसऱ्यांदा लिहिते आहे.

समीक्षा


कोरगाव
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

समीक्षा,

प्रज्योत आहे.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करणार होतो. पण तू पुन्हा विचारशील, म्हणून सगळं लिहितो.

किल्ली त्याला तीन वर्षांपूर्वी दिली. तेव्हा तो आमच्या घरचा जावई होता आणि मंडळात त्याच्यासारखा शामेळ कोणी वाजवत नव्हतं. सुविधाचं लग्न जमलं ते त्याच्या हातावर जमलं, बाबांनीच जमवलं. सुविधा निघून आली त्यानंतर तो मंडळात आला नाही. त्याला आम्ही बोलावलं नाही. पण किल्ली काढून घेतली नाही.

विसरलो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. एकदा काढायला बसलो होतो. तुला माहीत आहे, चवथीला आरती चालू असताना दारात कोणी आला तर त्याला परत धाडत नाहीत. वैरी असला तरी हातात कांसाळें देतात, प्रसाद देतात, मग काय ते बोलतात. बाबांनी हे मला मारून शिकवलं आहे. मला वाटलं, हे पण तेच. घर दिलेलं नाही त्याला, सुविधा दिलेली नाही, आरती तर देवाची आहे. ती मी कोण नाही म्हणणारा? ही किल्ली काढली तर बाबांच्या आरत्या त्याच्यापुरत्या मेल्या असं होईल, असा विचार केला आणि ठेवली.

आता फोनचं. ३ सप्टेंबरला, बुधवारी, त्याचा फोन आला. वर्षभराने. मी उचलला. तो रडत होता. म्हणाला, “तिचो आवाज अजून तसोच आसा रे.” मला बरं वाटलं, समीक्षा. मी खोटं नाही लिहीत. वाटलं, निवळला. मग आवाजाचं बोलणं निघालं. तो म्हणाला, “घुमता बरें. स्लॅबाचें घर न्हय. कौलां आसतली.” आणि आवाजाचं बोलणं निघालं की मी वाहवतो, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, “कौलारूच. तिस्काच्या अलीकडलें जुनें घर, म्हणून तर म्हणतो खर्ज बघ कसा आलाय.” तो म्हणाला, “माइक खंय लायिल्लो?” मी म्हटलं, “सोप्याच्या दारांत.” बस. एवढंच. पत्ता मी दिला नाही. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने मला कळलं की दिला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. तू कागदांचं लिहिलं होतंस. मला वाटलं, कागद आवरले की मिटलं, हे कोणाला कळायला नको. ती ओळ उतरवताना हात थांबला. फाईलचं नाव लिहिलं नाही.

आज दुपारी तुझं दुसरं पत्र वाचलं आणि मला राहवलं नाही. तू रागावशील. मी प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, ते रेकॉर्डिंग पुसलं, त्याला काढून टाकलं आणि मग सगळा प्रोग्रॅमच संगणकावरून उडवला. पुसताना ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुसलं नसतं. बाबांची ती चाल सुविधाच्या तोंडून आता माझ्याकडे नाही.

मी रविवारी बांद्याला जातो. त्याच्या पाया पडतो. माणूस रडतो म्हणजे ऐकेल.

एक मागणं आहे. मंडळात हे कळू देऊ नकोस. गोकुळदासकाका म्हणतील, घरच्या भांडणात मी देवाची आरती ओढली. बाबांच्या पाठी हे मंडळ माझ्या हातावर आहे. आईला यातलं काही माहीत नाही.

रुद्रेश


सोमवार, २२ सप्टेंबर २०२५

रुद्रेशदादा,

वर गावाचं नाव घातलेलं नाही. विचारू नकोस.

तुझं पत्र शनिवारी ऑफिसातून दुसऱ्या माणसाकरवी मला पोचलं. तोपर्यंत आम्ही कारापुरात नव्हतो. तुझ्या पत्रात आहे ते आणि इथे झालं ते एकत्र लावते.

गुरुवारी दुपारी तू रेकॉर्डिंग पुसलंस. हा प्रोग्रॅम एका ठिकाणी पुसलेलं दुसऱ्या ठिकाणीही पुसतो, पण तसं करताना तिथे सूचना दाखवतो, आणि ती फाईल महिनाभर वेगळ्या कप्प्यात ठेवतो. म्हणजे त्याच्याकडून काही गेलं नाही. फक्त आपल्याला कळलं आहे, हे त्याला कळलं. म्हणून मी दोनदा लिहिलं होतं.

शुक्रवारी मी घरून काम करत होते. सिद्धी शाळेतून मागच्या दाराने आली. तीन वाजून पाच मिनिटांनी ताई पुढची खिडकी लावायला गेली आणि तिथेच उभी राहिली. मी हाक मारली. तिने बाहेर बोट दाखवलं.

बाहेर सोप्यावर, ओसरीत, दोन काठ्या ठेवल्या होत्या. शामेळ वाजवायच्या. शेजारी शेजारी, वाजवून झाल्यावर ठेवतात तशा, आमच्या दाराकडे टोकं करून. एकीच्या मुठीला निळी टेप होती. ताई म्हणाली, “ती टेप मीच गुंडाळली होती.” एवढंच म्हणाली. मोटरसायकलचा आवाज आम्हा दोघींपैकी कोणीही ऐकला नव्हता. एक वाजता मी सोप्यावरून कपडे काढले तेव्हा काठ्या नव्हत्या. दोन तास. त्या दोन तासांत सिद्धी शाळेतून आली.

चाळीस मिनिटांत आम्ही निघालो. सिद्धीने दप्तर घेतलं आणि विचारलं, “दार रंगवायला आले काय?” मी हो म्हटलं.

डिचोली पोलिसांत जाऊन लिहून दिलं. काठ्या त्यांनी ताब्यात घेतल्या आणि पोच दिली. वकील ऋतिका यांनी दुसऱ्या दिवशी मला समोर बसवून सगळं ऐकलं आणि दोन प्रश्न विचारले. काठ्या त्याच्याच आहेत हे ताईखेरीज कोण सांगेल? आणि त्याला घर कळलं ते कसं, हे कोण सांगेल? दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच नाव आहे, तुझं.

संगणकातला पुरावा तू उडवलास. माझ्या ‘जुन्या’ लॅपटॉपवर सात नावं दिसली होती, पण ‘शामेळ’ म्हणजे प्रज्योत, हे कुठलंही मशीन सांगत नाही. उरला आहे तो तू पेनाने उतरवलेला कागद. एकोणतीस ओळी, त्यातली एक अर्धी. ती अर्धी ओळ पूर्ण करून त्याखाली तुझी सही लागेल. आणि एक जबाब: काठ्या कोणाच्या, किल्ली कधी दिली, कोणाला दिली, ३ तारखेला फोनवर तो काय बोलला आणि तू काय बोललास. तिस्काच्या अलीकडलं कौलारू घर, हे तुझे शब्द त्यात यावे लागतील. तू लाजशील म्हणून ते गाळून चालणार नाही.

हे मंडळात कळेल. मी लपवू शकत नाही, आणि लपवणार नाही. गोकुळदासकाका काय म्हणतील ते मला माहीत नाही. आरती मागायला आलेल्याला परत धाडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण दारात आलेला माणूस दिसतो, दादा. त्याच्या हातात काय आहे तेही दिसतं. तुझ्या फोल्डरच्या दारात कोण उभं आहे, हे मंडळात फक्त तुला दिसत होतं.

काल, रविवारी, तू बांद्याला गेला होतास का, मला माहीत नाही. गेला नसशील तर जाऊ नकोस. गेला असशील तर तिथे काय बोललास ते तारीख-वेळेसह लिहून ठेव. कोणताही शब्द सोडू नकोस, चांगला वाटला तरी.

मंडळासाठी पुन्हा फोल्डर करशील तेव्हा नवी किल्ली कर आणि गोकुळदासकाकांपासून एकेकाला समोर बसवून दे. एकच फोल्डर दाखव, त्यात आरतीशिवाय काही नको. घराचं नाव मनात घे. फाईलवर नको.

रेकॉर्डिंगचं लिहिलं होतंस. ते गेलेलं नाही. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे. दुसरी त्याच्याकडे आहे. तुझी मी तुला देईन, पण आत्ता नाही.

आज सकाळी इथे सिद्धी चित्र काढता काढता गुणगुणत होती. आजोबांची तीच चाल, उतरणीची जागा. तिला ती कोणी शिकवलेली नाही, चवथीला एकदाच ऐकली आहे. ताई दुसऱ्या खोलीतून धावत आली आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. उजवा हात, जो नीट वळत नाही तो. सिद्धी घाबरली नाही. हळूच हात बाजूला करून म्हणाली, “आई, खिडकी बंद आसा.”

पुढच्या सोमवारी, २९ तारखेला, कोर्टात तारीख आहे. सही करायला तू वकील ऋतिका यांच्या डिचोलीच्या कचेरीत येणार की नाही, एवढंच मला हवं आहे. येणार असशील तर ‘येतो’ लिही. येणार नसशील तर ‘येत नाही’ लिही, म्हणजे मी तुझी वाट न बघता पुढचं करीन. कारण लिहायची गरज नाही. पत्र त्याच कचेरीच्या पत्त्यावर, माझ्या नावाने.

शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत उत्तर पोचेल असं पाठव.

समीक्षा